चहा, सोडा आणि शाळेचे फाटक : मराठवाड्यातील शाळा व्यवस्थापन समित्यांना खुले पत्र

प्रति,
सन्माननीय अध्यक्ष, सचिव व सर्व सदस्य,
शाळा व्यवस्थापन समिती,
जिल्हा परिषद शाळा, मराठवाड्यातील आठही जिल्हे.

सप्रेम नमस्कार.

हे पत्र शिक्षणाधिकाऱ्यांना किंवा मंत्रालयाला न लिहिता मी आपल्याला लिहीत आहे, त्याला कारण आहे. शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या कलम २१ प्रमाणे आपल्या समितीतील तीन चतुर्थांश सदस्य त्याच शाळेत शिकणाऱ्या मुलांचे पालक असतात आणि निम्म्या जागांवर महिला असतात. म्हणजे सकाळी लेकराच्या पुढ्यात काय ठेवायचे हे ठरवणारी आई आणि शाळेत काय चालावे हे ठरवणारी सदस्य ही पुष्कळदा एकच बाई असते. वरून आलेले परिपत्रक फायलीला लागते आणि तिथेच राहते. आपला ठराव मात्र गावात चालतो, कारण तो करणारी माणसे दुकानदाराला, आशाताईंना आणि खिचडी शिजवणाऱ्या मावशींना नावाने ओळखतात.

विषय मुलांच्या चहाचा, कॉफीचा आणि सोड्याचा आहे. सीबीएसईने २०२५ च्या मे महिन्यात आपल्या शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावायला सांगितले. तेव्हापासून आपल्याही शाळांच्या भिंतींवर ‘चहा पिऊ नका’, ‘कोल्ड्रिंक टाळा’ अशा सूचना रंगवून घ्याव्यात, असा सूर अधूनमधून माझ्या कानावर येतो. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत उभी हयात घालवून मी निवृत्त झाले आहे आणि भिंतीवर रंगवलेल्या सूचनांचे काय होते ते मी जवळून पाहिले आहे. माझे म्हणणे असे की चहा हा आपल्या घरातला प्रश्न आहे आणि सोडा हा बाजारातला. पहिल्याशी समजुतीने आणि दुसऱ्याशी नियमाने वागावे लागेल, आणि दोन्ही ठिकाणी लेकराला ‘हे पिऊ नकोस’ म्हणण्याआधी ‘मग काय पिऊ?’ या प्रश्नाचे उत्तर शाळेत तयार असले पाहिजे.

माझे बालपण परभणी जिल्ह्यात, गंगाखेडचा बाजार करणाऱ्या एका खेड्यात गेले. आमच्या दावणीला म्हशी होत्या, तरीही आम्हा भावंडांना पेलाभर दूध प्यायला मिळाल्याचे फारसे आठवत नाही. सकाळची धार निघाली की दूध थेट डेअरीच्या सायकलवाल्याच्या कॅनमध्ये जाई आणि घरासाठी तांब्याच्या तळाशी जेमतेम एका लेकराला पुरेल एवढे उरे. ते एकाला दिले असते तर बाकीच्यांनी त्याच्या तोंडाकडे बघत बसावे लागले असते, म्हणून आजी त्याचा चहा करी. जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या, पातेल्यात पाणी, त्यात गुळाचा खडा, परसातल्या गवती चहाची दोन पाती, आधणाला उकळी फुटली की चिमटीने चहापूड, आणि पातेले चुलीवरून उतरवून थोडे निवले की मगच दूध. कारण गुळाच्या उकळत्या चहात दूध पडले तर ते फाटते आणि सगळ्यांचाच चहा हातचा जातो. फडक्यातून गाळलेला हा चहा ज्याच्या त्याच्या पितळीत पडे, त्यात रात्रीची भाकर कुस्करली जाई आणि तेवढ्यावर आम्ही शाळेला पळत असू. त्या हिशेबात आजीचे काही चुकले असे मला आजही वाटत नाही. दूध विकून आलेल्या पैशांत घराचे मीठ-मिरची आणि आमच्या वह्या येत होत्या, आणि उरलेल्या घोटभर दुधात तिने घरातल्या प्रत्येकाचे तोंड ओले केले होते.

१९७२ च्या दुष्काळात म्हशी विकाव्या लागल्या, दूध गेले आणि कोरा चहा उरला. दुष्काळी कामावर खडी फोडायला जाणारी मंडळी मिलो नावाच्या परदेशी ज्वारीची लाल भाकर आणि सुकडी यांच्या जोडीला त्याच चहावर दिवस काढीत. चहाने भूक मरते हे त्या पिढीला कुणी शिकवावे लागले नाही, कारण भूक मारण्यासाठीच तो प्यायला जात होता.

आजीच्या स्वतःच्या लहानपणी मात्र सकाळी चहा नव्हता. ताक-कण्या, आंबील, थंडीच्या दिवसांत हुलग्याचे माडगे, अशी न्याहारी ती सांगे. चहा आपल्या चुलीवर आपण होऊन आलेला नाही. ब्रिटिश सरकारने १९०३ मध्ये चहावर उपकर बसवला आणि पुढे त्या पैशातून रेल्वे स्थानकांवर, बाजारांत, जत्रांत चहा पाजून लोकांना त्याची सवय लावण्यात आली. मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता, आणि हैदराबादेत कामाधंद्याला जाऊन आलेली माणसे इराणी हॉटेलातल्या चहाच्या गोष्टी घेऊन गावी परतत, असे आमच्या घरातली म्हातारी माणसे सांगत. सवय लावणाऱ्याचा त्यात धंदा होता, एवढे येथे नोंदवून ठेवते, कारण पुढे सोड्याच्या बाबतीत ते उपयोगी पडणार आहे.

‘चहा पिऊ नको, काळी होशील’ असे आम्हा मुलींना सांगितले जाई. मुलांना असे कुणी सांगितल्याचे मी तरी ऐकले नाही. चहाने कातडीचा रंग बदलत नाही, हे आम्हाला आमच्याच घरातल्या चहा पिणाऱ्या गोऱ्या आत्याकडे पाहून कळत होते, आणि एक गोष्ट खोटी निघाली म्हणजे मोठ्यांच्या बाकीच्या सूचनांनाही आम्ही फारशी किंमत देत नव्हतो. लेकरांना धाक घालायचा नसेल तर खरे कारण सांगावे लागते.

खरे कारण रक्ताचे आहे. चहातील टॅनिन अन्नातल्या लोहाला धरून बसते आणि त्याला आतड्यातून रक्तात जाऊ देत नाही. ज्वारी-बाजरी, हरभरा, पालेभाज्या यांतले लोह शरीर मुळातच कमी प्रमाणात शोषून घेते. तीच बाजरीची भाकर चहात कुस्करून खाल्ली की लोह पोटात जाते, पण अंगी लागत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६८.९ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याआधीच्या फेरीत हे प्रमाण ५३.८ टक्के होते. याला एकटा चहा जबाबदार आहे असे कुणी जाणता माणूस म्हणणार नाही. पण अंगात आधीच रक्त कमी असलेल्या लेकराच्या न्याहारीत चहा कालवणे परवडणारे नाही, हे समजायला डॉक्टर व्हावे लागत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहारविषयक सूचनांत तर मोठ्या माणसांनीही जेवणाच्या आधी आणि नंतर किमान एक तास चहा-कॉफी घेऊ नये असे म्हटले आहे.

याचा शाळेशी थेट संबंध आहे. मुलांना शाळेत आठवड्याला लोहाची गोळी दिली जाते, लहानांना गुलाबी आणि दहा वर्षांपुढच्यांना निळी. गोळी देणाऱ्या बाई ती डोळ्यांसमोर गिळायला लावतात, रजिस्टरवर खूण करतात आणि काम झाले असे समजतात. त्यानंतर मधल्या सुट्टीत घरी पळालेले पोर आजीसोबत चहा पिऊन आले तर त्या गोळीचा बराचसा गुण वाया जातो, आणि ही गोष्ट आजीला कुणी सांगितलेलीच नसते. पालकसभेत सांगण्यासारखी एकच गोष्ट निवडायची झाली तर मी ही निवडेन. घरातला चहा बंद करा असे सांगितले तर बाया हसून सोडून देतील. पण चहा भाकरीसोबत नको, जेवल्यावर तासभर जाऊ द्या, गोळीच्या दिवशी दुपारी तर नकोच, आणि भाकरीबरोबर लिंबाची फोड असू द्या, असे सांगितले तर त्यातले निम्मे तरी ऐकले जाईल. लिंबाने लोह अंगी लागायला मदत होते आणि लिंबू आपल्याकडे बांधावर मिळते.

पाण्याचाही एक मुद्दा आहे, आणि तो सगळ्या गावांना लागू नाही. किनवटच्या बाजूला आणि मराठवाड्यात इतरही काही ठिकाणी बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त असते. तिथल्या मुलांच्या दातांवरचे पिवळे-तपकिरी पट्टे आपल्यापैकी काहींनी पाहिले असतील. उकळल्याने जंतू मरतात, म्हणून गढूळ पाण्याच्या काळात चहा हे घरातले त्यातल्या त्यात निर्धोक पाणी होते, हे त्याच्या पदरात टाकावेच लागेल. फ्लोराईड मात्र उकळल्याने जात नाही, उलट पाणी आटते तसे त्याचे प्रमाण वाढते. शिवाय चहाचे पान स्वतःही जमिनीतून फ्लोराईड शोषून साठवते. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १.५ मिलिग्रॅमच्या वर नसावे, आणि पक्क्या दातांचे कवच घडण्याचे वय साधारण आठ वर्षांपर्यंतचे असते. आपल्या गावच्या पाण्याचा तपासणी अहवाल ग्रामपंचायतीकडून मागून घ्यावा, आणि आकडा मर्यादेबाहेर असेल तर पहिली-दुसरीच्या मुलांच्या आयांना बोलावून खूप वेळ उकळलेला चहा त्यांना देऊ नये असे स्पष्ट सांगावे.

आता ऊसतोड कामगारांच्या गावांतील समित्यांना एक वेगळी विनंती. नोकरीची काही वर्षे मी बीड जिल्ह्यात अशा गावांत होते. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेल्या टोळ्या गाव सोडतात आणि वर्गातली निम्मी नावे हजेरीपटावर नुसती उरतात. आईबापांबरोबर गेलेली लेकरे कारखान्याच्या तळावर कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, राहतात. बाई पहाटेच्या अंधारात उठते, तीन दगडांवर चहा होतो, आणि कोयता घेऊन फडात निघण्यापूर्वी ती थोरल्या लेकीपुढे चहाचे पातेले आणि बिस्किटाचा पुडा ठेवते. पट्टा पडून, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपून, परतलेल्या तिसरीतल्या एका मुलीने मला ‘माझी सकाळ’ या विषयावर पाटीभर लिहून दाखवले होते. धाकटा भाऊ रडू लागला की गार चहात बिस्किट कालवून त्याला भरवायचे, चहा संपला की पातेल्यातल्या चोथ्यात पाणी घालून तो पुन्हा उकळायचा, साखर राहिली नसेल तर बिस्किट जास्त घालायचे, असा क्रम तिने जाणत्या बाईच्या काटेकोरपणाने मांडला होता. शुद्धलेखनाच्या चुका बऱ्याच होत्या. त्या दिवशी मी त्या तपासल्या नाहीत.

त्या आईला चहाचे तोटे समजावून सांगणाऱ्याने आधी तिच्या पहाटेला पर्याय काढून दाखवावा. आपल्या हातात जे आहे ते आजीआजोबांजवळ गावात मागे राहणाऱ्या मुलांचे आहे. त्यांच्यासाठीची हंगामी वसतिगृहे बऱ्याच ठिकाणी आपल्या समित्यांमार्फतच चालतात. तिथे सकाळी चहा-बिस्किट देणे सगळ्यांत सोपे असते आणि सगळ्यांत निकसही. पैसे अपुरे पडतात, हातात उशिरा येतात, हे मला ठाऊक आहे. पण मुरमुऱ्याचा सुशीला, मटकीच्या घुगऱ्या, शेंगदाण्याचा लाडू यांतले काहीही चहा-बिस्किटापेक्षा फार महाग पडत नाही. महाग पडतो तो सकाळी लवकर उठून करणाऱ्या बाईचा वेळ, तेव्हा तिच्या मानधनाचा विचार आधी करावा.

कॉफीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. आमच्या लहानपणी ती गावातल्या एक-दोन घरांत, तीही पाहुणे आले तर, जायफळ घालून होत असे, आणि तिचा वास ओसरीवर आला की तिथे कुणी मोठे माणूस आले आहे असे आम्ही समजत असू. पुढे लग्नाच्या मांडवात वाफेच्या मशीनची कॉफी आली. त्या मशीनचा कर्कश आवाज, कपावर चढणारा फेस आणि त्यावर भुरभुरलेली चॉकलेटची पूड यांसाठी पोरे पुन्हा पुन्हा रांगेत उभी राहत, आणि आजही राहतात. वर्षातून चार लग्ने गाठणाऱ्या पोराला तेवढ्याने काही होत नाही. मात्र दहावीच्या वर्षी रात्र जागवण्यासाठी घरचेच लोक कॉफी करून देतात, त्याला माझा विरोध आहे. पोषण संस्थेच्याच आकड्यांप्रमाणे १५० मिलिलिटर इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५ आणि तेवढ्याच चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन, म्हणजे झोप उडवणारे द्रव्य, असते; फरक आपण समजतो तितका मोठा नाही, आणि झोप मोडून केलेले पाठांतर सकाळी पेपरात उतरत नाही.

सोड्याची गोष्ट वेगळी, आणि ती थोडी सविस्तर सांगते.

आठवडी बाजारात सोडावाल्याच्या गाड्यावर हिरवट काचेच्या गोटीच्या बाटल्या ओल्या पोत्याखाली रांगेने ठेवलेल्या असत. ही बाटली हायरम कॉड नावाच्या इंग्रज माणसाने १८७० च्या दशकात काढली. तिच्या गळ्यात काचेची गोटी असते. बाटली उलटी धरून वायू भरला की गोटी तोंडाशी येते आणि आतला दाबच तिला रबरी कड्यावर घट्ट बसवतो, त्यामुळे वेगळे बूच लागत नाही. सोडावाला लाकडी ठोकळा तोंडावर ठेवून तळहाताने दाबी, ‘टॉक’ असा आवाज होऊन गोटी खाली पडे आणि फेस त्याच्या मनगटापर्यंत येई. पिण्याचीही एक खुबी होती. बाटली अशी कलती धरायची की गोटी गळ्यातल्या खाचेत अडकून राहील. खाच चुकली की गोटी घरंगळत तोंडाशी येऊन सोडा बंद. वडील लिंबू-मीठ घालून सोडा पीत आणि तळाचे दोन घोट मला देत. नाकात झिणझिण्या आल्या की डोळ्यांत पाणी येई, पण ते पुसत मी बाटली मागे देत नसे. त्या बाटलीत पाणी, वायू, मीठ आणि लिंबू एवढेच होते, साखर नव्हती. वायूने मुलांचे नुकसान होते असे मला वाटत नाही. भीती होती ती पाणी कोणत्या आडातले आहे याची, आणि ते तेव्हा कुणी विचारत नव्हते.

१९७७ मध्ये कोका-कोला कंपनी देशातून गेली आणि त्याच वर्षी थम्स अप आले. गोल्ड स्पॉट आणि लिम्का बाजारात आधीच होते. आमच्या खेड्यात ही पेये रुळायला आणखी काही वर्षे लागली. पाहुण्यासाठी ‘थंडा’ आणायला आम्हाला पिटाळले जाई, आणि दुकानदार बाटलीचे पैसे अनामत ठेवून घेतल्याशिवाय ती घरी नेऊ देत नसे. पेय पाहुण्याच्या वाट्याचे, बूच आमच्या वाट्याचे. दगडाने ठेचून सपाट केलेल्या बुचाला दोन भोके पाडायची, त्यातून दोरा ओवायचा, दोन्ही हातांनी पीळ देऊन ओढायचा आणि भिंगरीची घूंऽऽ अशी गुणगुण ऐकत बसायचे. काच परत द्यावी लागते, या एका अटीमुळे पेय दुकानाच्या पायरीवरच संपवावे लागे आणि तिथे गावातले चार डोळे आपल्यावर असत. प्लास्टिकची बाटली आली तशी ही अट गेली. दहा-वीस रुपयांची बाटली आता दप्तरात बसते, एसटीच्या थांब्यावर रिकामी होते आणि नाल्यात पडते, कुणाला पत्ता लागत नाही.

अशा गोड पेयात १०० मिलिलिटरला साधारण १० ते ११ ग्रॅम साखर असते, म्हणजे २५० मिलिलिटरच्या बाटलीत पाच-सहा चमचे. वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत आणि शक्य तर ५ टक्क्यांच्या आत ठेवावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितले आहे. ५ टक्के म्हणजे मोठ्या माणसासाठी साधारण २५ ग्रॅम. बापाला दिवसभर पुरेल एवढी साखर पोर मधल्या सुट्टीत एका दमात पिते.

याहून वाईट आहेत ती ‘एनर्जी’ देणारी म्हणून विकली जाणारी पेये. आपल्या देशातील अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणे अशा पेयांत लिटरला १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफीन असू शकते आणि लहान मुले, गर्भवती व स्तनदा माता यांच्यासाठी हे योग्य नाही अशी सूचना बाटलीवर छापावी लागते. ३०० च्या हिशेबाने २५० मिलिलिटरमध्ये ७५ मिलिग्रॅम झाले. युरोपातील अन्नसुरक्षा प्राधिकरणाने मुलांसाठी वजनाच्या किलोमागे दिवसाला ३ मिलिग्रॅमची मर्यादा सुचवली आहे, म्हणजे २५ किलोच्या लेकराची दिवसाची मर्यादा एका बाटलीतच संपली, आणि घरचा चहा अजून धरलेलाच नाही. सूचना बारीक इंग्रजी अक्षरांत असते. चौथीतल्या पोराला ती वाचता येत नाही आणि दुकानदार वाचत नाही. सवय लावणाऱ्याचा धंदा, असे मी वर म्हटले ते यासाठी. आजोबांच्या पिढीला बाजारात फुकट कप मिळाला, नातवाला दहा रुपयांची बाटली आणि तिच्यावर आवडत्या खेळाडूचे चित्र मिळते.

म्हणून येथे समजुतीपेक्षा नियम हवा, आणि नियम आहे. चरबी, मीठ व साखर जास्त असलेले पदार्थ शाळेच्या उपाहारगृहात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत मुलांना विकू नयेत, असे अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या विनियमांत आहे. जास्त कॅफीनच्या पेयांवर शाळेपासून ५०० मीटरच्या आत बंदी घालू, असे राज्याच्या अन्न व औषध प्रशासन मंत्र्यांनी २०२४ च्या जुलैमध्ये विधान परिषदेत सांगितले होते. घोषणेची वाट पाहत न बसता ५० मीटरचे तरी पाहावे. पाचवीच्या मुलांना मोजपट्टी देऊन फाटकापासून ते अंतर मोजून घेतले तर गणिताचा एक तासही सार्थकी लागेल.

आता अडचण कुठे येणार ते मला माहीत आहे. लहान गावात ५० मीटरमध्ये गावातले एकुलते एक दुकान येते, आणि ते पुष्कळदा समितीच्या सदस्याचे किंवा त्याच्या भावकीतल्या कुणाचे असते. ते सदस्याचे असेल तर सदस्याने पहिला मान आपल्याकडे घ्यावा. फाटकासमोर एखादी एकटी बाई टपरी टाकून पोट भरत असेल तर तिच्यावर लगेच तक्रार ठोकू नये. भाजके शेंगदाणे, फुटाणे, उकडलेली मक्याची कणसे, हंगामात बोरे आणि पेरू, घरचे ताक यांवर तिचा गल्ला कसा चालेल हे तिच्याबरोबर बसून पाहावे, आणि शाळेच्या कार्यक्रमांचा खाऊ तिच्याकडून घेण्याचे ठरवावे. एवढे करूनही बाटल्या विकणारे विकत राहिले तर मग नियम दाखवायला हरकत नाही.

पण हे सारे पाण्यापाशी येऊन अडते. सुरक्षित आणि पुरेसे पिण्याचे पाणी ही शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीतच शाळेची गरज म्हणून नोंदवलेली आहे. आपल्याकडे मार्च संपता संपता शाळेची टाकी कोरडी पडते, नळाला हात लावला तर चटका बसतो, आणि परभणी-नांदेडचा पारा चाळिशीपार गेलेला असतो. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्याही उन्हाळ्यात खेड्यापाड्यांतल्या दुकानांत थंड पेयाची बाटली मिळत होती. टँकर चुकला तरी शीतपेयाची गाडी चुकत नाही. तहानलेले पोर समोर जे गार दिसेल ते पिणार. व्हरांड्याच्या सावलीत दोन मोठे रांजण, त्यांना रोज घासून-पुसून भरणारे नेमून दिलेले माणूस, वरून झाकण आणि लांब दांड्याचे ओगराळे, एवढ्याने शाळेतल्या कितीतरी बाटल्या कमी होतील. लोक शाळेला वॉटर कूलर देणगी देतात आणि त्यावर नाव रंगवून घेतात. पण वीज दुपारीच जाते, आणि रांजणाला वीज लागत नाही.

पैशाचे म्हणाल तर २०२५ च्या जानेवारीत शासनाने पोषण आहारातील अंडी आणि साखरेचा वेगळा निधी बंद केला, आणि हे पदार्थ द्यायचे तर लोकसहभागातून द्यावेत असे सांगून तो भार आपल्यावर टाकला. तो निर्णय मला पटलेला नाही आणि त्याविरुद्ध आपण लिहीत राहावे असेच मी म्हणेन. तोवर एक गोष्ट मात्र तपासून पाहावी. सप्ताह, जयंत्या, सत्कार, उद्घाटने यांच्या चहाला गावात पैसा कमी पडल्याचे मी कधी पाहिले नाही. त्यातल्या एखाद्या कार्यक्रमाचा चहा टाळून आठवड्याच्या अंड्यासाठी किंवा अंडे न खाणाऱ्यांच्या केळ्यासाठी डबा ठेवला, गावातून डेअरीला जाणाऱ्या दुधातले काही लिटर महिन्यातून एखाद्या दिवशी शाळेकडे वळवले आणि त्याचे दही लावून ताक वाटले, तर देणारे मिळतील. मराठवाड्यात पंगतीला कुणी नाही म्हणत नाही.

राहता राहिला शाळेतला मोठ्यांचा चहा. साहेब आले, सरपंच आले, की वर्गातल्या दोन पोरांना किटली देऊन हॉटेलात पिटाळायचे, किंवा सातवीच्या मुलींना तास सोडून चहा ठेवायला बसवायचे, ही पद्धत मी अनेक शाळांत पाहिली आणि ती अजून सुरू आहे. चांगल्या वळणाच्या, हुशार मुलीच त्यासाठी निवडल्या जातात, म्हणजे ज्यांचा तास बुडू नये त्यांचाच बुडतो. मोठ्यांनी चहा जरूर प्यावा, मीही दिवसातून दोनदा पिते. पण तो आणायला आणि करायला मोठे माणूस असावे, आणि समितीच्या बैठकीचा चहाही याला अपवाद नसावा.

जूनमध्ये शाळा उघडण्याआधीच्या बैठकीत हा विषय घ्यावा, ही विनंती. काय ठरले ते शाळा विकास आराखड्यात लिहून घ्यावे आणि ठरावाची प्रत आशाताई, अंगणवाडीताई व फाटकासमोरच्या दुकानदाराला द्यावी. आपल्या समितीत विद्यार्थ्यांचे प्रतिनिधीही असतात; ते बहुधा सतरंजीच्या कडेला बसून असतात आणि त्यांना कुणी काही विचारत नाही. या ठरावापुरते तरी आधी त्यांना विचारावे, की मधल्या सुट्टीत तुम्हाला काय प्यायला मिळाले तर दुकानाकडे पळणार नाही.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
परभणी